दहापट मोठा फर्मेंटर: हिपॅटायटिस-बी लस बनवणाऱ्या एका भारतीय कंपनीचे प्रकरण

या लेखातील कंपनी प्रत्यक्षातली आहे. तिची ओळख पटू नये म्हणून गाव, माणसांची नावे आणि काही आकडे वगळले आहेत. घटना २००० नंतरच्या दशकातल्या आहेत. त्या काळात मी कंपनीचा बाहेरचा तांत्रिक सल्लागार होतो, त्यामुळे पुढे सांगितलेल्या काही निर्णयांत माझाही वाटा आहे.

पार्श्वभूमी

पुनर्संयोजित डीएनए तंत्राने (म्हणजे विषाणूचे जनुक दुसऱ्या पेशीत घालून) बनवलेली पहिली हिपॅटायटिस-बी लस १९८६ मध्ये अमेरिकेत मंजूर झाली. भारतात ती बरीच वर्षे फक्त आयात होऊन येत होती आणि ज्यांना तिची सर्वाधिक गरज होती त्यांच्याच आवाक्याबाहेर होती. देशात या विषाणूचे सुमारे ४ कोटी वाहक असल्याचा अंदाज त्या वेळी मांडला जात असे. १९९७ मध्ये हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने यीस्टमध्ये तयार केलेली पहिली देशी पुनर्संयोजित लस बाजारात आणली आणि चित्र बदलले. पाठोपाठ आणखी काही भारतीय कंपन्या उतरल्या, त्यांच्यात स्पर्धा लागली आणि लसीची किंमत वेगाने उतरली. या उभारीमागे सरकारी पाठबळही होते. केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग १९८६ मध्ये स्थापन झाला होता, आणि १९९६ मध्ये आलेले तंत्रज्ञान विकास मंडळ प्रयोगशाळेतले काम कारखान्यापर्यंत नेऊ पाहणाऱ्या उद्योगांना सवलतीचे कर्ज देऊ लागले होते.

आपली कंपनी याच काळात उभी राहिली. संस्थापक सूक्ष्मजीवशास्त्राचे अभ्यासक होते. ५० लिटरच्या एका फर्मेंटरवर (यीस्टसारखे सूक्ष्मजीव वाढवण्याच्या बंद पात्रावर) त्यांनी उत्पादन सुरू केले. पिचिया जातीचे यीस्ट मिथेनॉलवर वाढवायचे, त्याच्या पेशीत तयार झालेला विषाणूच्या कवचाचा प्रतिजन (शरीराला विषाणूची ओळख करून देणारे प्रथिन) पेशी फोडून बाहेर काढायचा, शुद्ध करायचा आणि ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडवर चढवून व्हायलमध्ये भरायचा, अशी ही पद्धत होती. प्रत्येक बॅच कसौलीच्या केंद्रीय औषध प्रयोगशाळेकडून मंजूर होऊन येई आणि मुख्यतः खासगी बालरोगतज्ज्ञांमार्फत खपे. धंदा छोटा होता, पण तोट्यात नव्हता.

पुढे दोन गोष्टी घडल्या. २००० मध्ये 'गावी' (GAVI) नावाची आंतरराष्ट्रीय लस आघाडी स्थापन झाली आणि गरीब देशांसाठी हिपॅटायटिस-बी लसीची मोठी खरेदी सुरू झाली. २००२ मध्ये भारत सरकारनेही निवडक शहरांत आणि जिल्ह्यांत ही लस बालकांच्या लसीकरणात पथदर्शी स्वरूपात आणली. खासगी बाजारात किमती घसरत असताना संस्थापकांना मोठ्या प्रमाणावरची सार्वजनिक खरेदी हाच पुढचा रस्ता दिसला. मात्र युनिसेफमार्फत होणाऱ्या खरेदीसाठी जागतिक आरोग्य संघटनेची पूर्वपात्रता लागते. ती मिळवायची तर संपूर्ण कागदपत्रे, नमुन्यांची स्वतंत्र तपासणी आणि कारखान्याची प्रत्यक्ष पाहणी या तिन्हींतून जावे लागते, शिवाय उत्पादक देशाची औषध नियामक यंत्रणाही संघटनेच्या कसोटीला उतरलेली असावी लागते.

येथे पहिला निर्णय झाला. कंपनीने बँकेचे मुदत कर्ज काढून ५०० लिटरचा फर्मेंटर मागवला. खरेदीदार किती डोस मागेल, तो एक डोसाची व्हायल घेईल की दहा डोसांची, आणि तोपर्यंत त्याला हीच लस हवी असेल का, या प्रश्नांवर संचालक मंडळाच्या बैठकीत फारशी चर्चा झाली नाही. पैसा यंत्रात गेला, कारण यंत्र बँकेला दाखवता येते. मी त्या बैठकीला हजर होतो आणि मीही हे प्रश्न लावून धरले नाहीत.

अडचण

नव्या फर्मेंटरमधल्या पहिल्या दोन बॅच वरवर उत्तम निघाल्या. यीस्टची वाढ चांगली होती आणि प्रतिजनाचे प्रमाण अपेक्षेइतके होते. मानकाप्रमाणे एकूण प्रथिनांत किमान ९५ टक्के प्रतिजन हवा, आणि दोन्ही बॅच त्या मर्यादेच्या वर होत्या. लसीची भरणीही झाली. सलग तीन बॅच एकसारख्या निघाल्या की नव्या क्षमतेची नोंद करण्यासाठी औषध नियंत्रकांकडे अर्ज करता येणार होता.

तिसऱ्या बॅचच्या तपासणीत क्यूसी (गुणवत्ता तपासणी) विभागातल्या एका तरुण विश्लेषक बाईंनी प्रथिने आकारानुसार वेगळ्या पट्ट्यांत दाखवणारे, रौप्य क्षाराने रंगवलेले जेल लाइट बॉक्सवर ठेवले. शेजारी त्यांनी कपाटातले जुन्या ५० लिटर बॅचचे जेल काढून ठेवले. प्रतिजनाची ठळक पट्टी दोन्हींवर २४ किलोडाल्टनच्या (रेणूच्या वजनाचे एकक) आसपास होती. नव्या जेलवर तिच्या खाली मात्र केसाएवढी बारीक, फिकट तपकिरी रेघ होती. जुन्या जेलवर त्या जागी काहीच नव्हते. मग त्यांनी पहिल्या दोन मोठ्या बॅचची जेल काढून पाहिली. रेघ तिथेही होती, अधिक फिकट. ती आधी कोणाच्या नजरेत आली नव्हती, कारण प्रत्येक जेल मर्यादेशी ताडून पाहिले जात होते, मागच्या बॅचशी कोणी ताडत नव्हते.

त्यांनी उत्पादन प्रमुखांना बोलावले. "सर, ही पट्टी जुन्या बॅचमध्ये नाही आणि दर बॅचला गडद होते आहे," एवढेच त्या म्हणाल्या. उत्पादन प्रमुखांनी शुद्धतेचा आकडा विचारला. तो ९५ च्या वर असल्याचे कळल्यावर त्यांनी बॅच पुढे पाठवायला सांगितले. त्या काळी कंपनीत गुणवत्ता विभाग उत्पादन प्रमुखांच्याच हाताखाली होता. बाईंनी सही केली नाही. जेलचा फोटो आणि चार ओळींची टिपण त्यांनी थेट संस्थापकांच्या टेबलावर नेऊन ठेवली. नोकरीला दोन वर्षेही न झालेल्या माणसासाठी हे सोपे नव्हते.

ती रेघ म्हणजे प्रतिजनाचा तुटलेला तुकडा असावा, असा तर्क त्याच संध्याकाळी निघाला. तो बाळासाठी घातक असण्याचे काही कारण दिसत नव्हते, आणि उंदरांवरच्या क्षमता (लसीच्या प्रभावाच्या) चाचणीतही बॅच उत्तीर्ण होत्या. प्रश्न वेगळाच होता. यीस्टच्या पेशीत बनणाऱ्या या लसीत रेणू एकच असला तरी तो बनवण्याची प्रक्रिया हाच खरा माल असतो. प्रक्रियेत कुठेतरी काहीतरी बदलले होते, आणि काय बदलले हे कोणालाच ठाऊक नव्हते.

समोर असलेले पर्याय

संस्थापकांनी दोन दिवसांनी बैठक बोलावली. उत्पादन प्रमुखांचे म्हणणे असे की तिन्ही बॅच मानकात बसतात, नियमाप्रमाणे त्या विकता येतात आणि कर्जाचा पहिला हप्ता चार महिन्यांवर आला आहे. कारण शोधायचे असेल तर उत्पादन चालू ठेवून शोधता येईल. हे म्हणणे बेजबाबदारपणाचे नव्हते, आणि मला आजही तसे वाटत नाही. त्या गृहस्थांनी ५० लिटरचा कारखाना जवळपास एकट्याने उभा केला होता.

दुसरा पर्याय जुन्या ५० लिटर फर्मेंटरकडे परत जाण्याचा आणि तसेच आणखी काही छोटे फर्मेंटर घेण्याचा होता. प्रक्रिया ओळखीची होती, रेघ येणार नव्हती. पण मनुष्यबळ, शुद्धीकरणाच्या फेऱ्या आणि प्रत्येक बॅचची स्वतंत्र चाचणी यांचा खर्च पाहता सार्वजनिक खरेदीच्या किमतीत हे बसणारे नव्हते.

तिसरा पर्याय मोठ्या फर्मेंटरवरचे काम पूर्ण थांबवून मुळाशी जाण्याचा होता. त्यात वेळ किती जाईल हे सांगता येत नव्हते. चौथा पर्याय एका परदेशी कंपनीने पूर्वी दाखवलेल्या स्वारस्याचा होता. भागभांडवलाचा मोठा हिस्सा देऊन तिचे तंत्रज्ञ आणायचे. संस्थापकांनी हा पर्याय दहा मिनिटांत बाजूला सारला. त्यांच्या भावना मला समजत होत्या, पण त्याची किंमत कागदावर तरी मांडायला हवी होती असे माझे तेव्हाचे आणि आजचेही मत आहे.

निर्णय वळला तो एका साध्या प्रश्नावर. विश्लेषक बाईंना बैठकीत बोलावले होते. त्यांनी विचारले, "पूर्वपात्रतेच्या पाहणीसाठी येणारे तपासनीस दोन्ही जेल शेजारी ठेवणारच. त्यांना आपण काय उत्तर देणार?" त्यावर कोणाकडे उत्तर नव्हते. तिसरा पर्याय ठरला. घरच्या बाजारासाठी जुना फर्मेंटर चालू ठेवायचा आणि मोठ्या फर्मेंटरच्या तिन्ही बॅच, भरलेल्या व्हायलसकट, रोखून धरायच्या असेही ठरले.

निर्णय आणि कार्यवाही

पहिले पाच आठवडे चुकीच्या जागी गेले. पात्र दहापट मोठे झाले की प्राणवायू सगळीकडे सारखा पोहोचत नाही आणि मिथेनॉलवर वाढणारे यीस्ट प्रचंड उष्णता सोडते, हे सगळ्यांना पाठ होते, म्हणून सगळे फर्मेंटरभोवती गोळा झाले. ढवळणीचा वेग, हवेचा दाब, मिथेनॉल सोडण्याची गती, शीतजलाचे तापमान, सारे पुन्हा पुन्हा तपासले गेले. एक सेन्सर बदलायला घेतला तर तो परदेशातून यायला सहा आठवडे लागणार होते. कच्चे रसायन असो की शुद्धीकरणाच्या स्तंभात भरायचे रेझिन, या उद्योगातल्या अनेक महत्त्वाच्या वस्तू त्या काळी बाहेरूनच येत. त्यामुळे एखादी शंका तपासायला लागणारा वेळ प्रयोगावर कमी आणि बंदरावर अधिक अवलंबून असे.

उत्तर मिळाले ते पेशी फोडण्याच्या विभागात, आणि तेही रात्रपाळीच्या ऑपरेटरकडून. मी त्यांना काम कसे चालते ते सुरुवातीपासून सांगायला लावले. पेशी फोडणारे यंत्र जुनेच होते, ५० लिटरच्या काळातले. पूर्वी एका बॅचच्या पेशी तासाभरात फुटून होत. आता पेशींचा लगदा दहापट होता, आणि यंत्र एकच. "आता तो रात्रभर चालतो, साहेब. शेवटच्या पिंपाची पाळी पहाटे येते," असे ते म्हणाले. लगदा थंड खोलीत ठेवत असत, पण पिंप मोठे असल्याने आतला भाग लवकर थंड होत नसे.

मग सगळे जुळले. यीस्टच्या पेशीत प्रथिने तोडणारी विकरे असतात आणि पेशींवर ताण पडला की ती बाहेर झिरपू लागतात. त्यांना आवरण्यासाठी आम्ही पीएमएसएफ नावाचा अवरोधक वापरत होतो आणि तो सुरुवातीला एकदाच, संपूर्ण लगद्यात मिसळला जाई. हा पदार्थ पाण्यात टिकत नाही. तासाभराच्या कामाला तो पुरत होता, रात्रभराच्या कामाला पुरणे शक्यच नव्हते. पहाटेच्या पिंपातला प्रतिजन अवरोधकाशिवायच फुटत होता. दर बॅचला रेघ गडद होत गेली त्याचेही कारण सापडले. पहिल्या बॅचनंतर फर्मेंटरमधली वाढ सुधारली होती, म्हणजे लगदा आणखी दाट होऊन रांग आणखी लांबली होती. आम्ही ज्याला यश म्हणत होतो त्यानेच दोष वाढवला होता.

हे बॅच रेकॉर्डमध्ये का दिसले नाही, याचे उत्तर मला सर्वांत बोचले. नोंदवहीत यंत्र सुरू केल्याची आणि बंद केल्याची वेळ लिहायला रकाने होते, पण लगदा किती वेळ थांबून राहिला हे लिहायला रकानाच नव्हता. ५० लिटरवर तो वेळ नगण्य होता, म्हणून कोणी ठेवला नाही. फर्मेंटर बदलला तेव्हा तीच नोंदवही उचलून पुढे वापरली गेली. त्या नोंदवहीच्या सुधारित प्रतीवर तपासून पाहिल्याची सही माझी होती.

उपाय यंत्रापेक्षा शिस्तीचा निघाला. मोठे फोडणी यंत्र परवडणारे नव्हते. त्याऐवजी लगद्याचे छोटे भाग करून ते लगेच उणे ७० अंशांवर गोठवायचे, यंत्र दोन तासांत संपवेल एवढाच भाग एका वेळी वितळवायचा, प्रत्येक भागात ताजा अवरोधक घालायचा आणि थांबण्याच्या वेळेची कमाल मर्यादा नोंदवहीत छापायची, असे ठरले. गोठवलेला लगदा किती दिवस ठेवला तरी चालतो हे सिद्ध करण्यासाठी वेगळी चाचणीमालिका करावी लागली. मग तीन नव्या बॅच झाल्या. विश्लेषक बाईंनी तिन्ही जेल जुन्या जेलच्या शेजारी ठेवली. रेघ नव्हती.

यानंतर नियामकाशी बोलणे झाले. प्रक्रियेतला बदल, जुन्या आणि नव्या बॅचची तुलना, उंदरांवरची क्षमता आणि स्थिरता यांची माहिती औषध नियंत्रकांकडे सादर झाली. प्रौढ स्वयंसेवकांवर छोटा अभ्यासही करावा लागला. रक्तातील प्रतिपिंडे मिलिलिटरमागे १० मिली-आंतरराष्ट्रीय एकक किंवा अधिक असली की संरक्षण मिळाले असे मानतात, आणि त्या कसोटीवर नवी लस जुनीइतकीच उतरली.

रोखून धरलेल्या तीन बॅचचे काय करायचे हा स्वतंत्र वाद झाला. त्या नष्ट करायच्या ठरल्या, मात्र काही व्हायल स्थिरता पाहण्यासाठी ठेवल्या. वर्षभरानंतर त्यांची क्षमता जराही उतरलेली नव्हती. आपण चांगली लस गटारात ओतली, असे उत्पादन प्रमुख म्हणाले, आणि वस्तुस्थिती म्हणून ते बरोबरच होते. तरीही ज्या दिवशी निर्णय घेतला त्या दिवशी ही माहिती कोणाहीपाशी नव्हती, आणि लस बाळाला टोचायची असताना माहिती नंतर येईल या भरवशावर ती विकणे मला मान्य नव्हते.

परिणाम

या सगळ्यात जवळजवळ दोन वर्षे गेली. बँकेने हप्त्यांची फेररचना केली, पण व्याज वाढले. एवढ्यात बाजारही सरकला. गावीच्या पाठबळाने होणारी खरेदी सुट्या हिपॅटायटिस-बी लसीकडून घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, हिपॅटायटिस-बी आणि हिब (मेंदूज्वर व न्यूमोनिया घडवणारा एक जिवाणू) या पाच रोगांवरच्या एकत्रित पेंटाव्हॅलंट लसीकडे वळत गेली. कंपनीची पूर्वपात्रतेची कागदपत्रे तयार होईपर्यंत सुट्या लसीची मागणी आटत आली होती. अर्ज शेवटी केलाच नाही.

कंपनी वाचली ती दुसऱ्या वाटेने. पेंटाव्हॅलंट लस बनवणाऱ्या एका मोठ्या उत्पादकाला प्रतिजनाचा बल्क (व्हायलमध्ये न भरलेला घाऊक माल) पुरवण्याचा करार मिळाला. त्यांचे तपासनीस आले तेव्हा त्यांनी पेशी फोडण्याच्या टप्प्यावर लगदा किती वेळ थांबतो, हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला. आमच्याकडे त्याचे उत्तर पुराव्यानिशी तयार होते. करार होण्यात त्याचा हात होता, असे त्या कंपनीच्या गुणवत्ता प्रमुखांनी नंतर बोलून दाखवले. भारतात पेंटाव्हॅलंट लस डिसेंबर २०११ मध्ये केरळ आणि तमिळनाडूपासून सार्वजनिक लसीकरणात आली, त्यानंतर बल्कची मागणी स्थिर झाली. नफा मात्र पातळ राहिला. बल्क विकणाऱ्याच्या नावाची व्हायल कोणाच्या हातात पडत नाही, आणि संस्थापकांना ही गोष्ट कायम लागून राहिली.

विश्लेषक बाई तीन वर्षांनी एका मोठ्या कंपनीत गेल्या. त्यांना थांबवण्यासाठी पगारात जेवढी वाढ देऊ केली होती ती नष्ट केलेल्या एका बॅचच्या खर्चापुढे काहीच नव्हती.

काय वेगळे करता आले असते

फर्मेंटर मागवण्याआधी एका कागदावर सगळे टप्पे ओळीने लिहून प्रत्येकासमोर "दहापट माल आला तर येथे किती वेळ लागेल" एवढे लिहिले असते, तरी पेशी फोडण्याची अडचण एका दुपारीत दिसली असती. आम्ही क्षमता मोजली ती सर्वांत महागड्या यंत्राची, आणि माल अडला तो सर्वांत जुन्या यंत्रापाशी.

खरेदीदाराशी बोलणे उशिरा झाले. युनिसेफच्या निविदांमधला कल पाहिला असता, किंवा एकत्रित लस बनवणाऱ्यांशी आधीच संपर्क साधला असता, तर सुट्या लसीच्या दहा डोसांच्या व्हायलवर केलेला खर्च वाचला असता आणि बल्कचा करार दोन वर्षे आधी, चांगल्या दराने होऊ शकला असता. आपल्याकडच्या अनेक जैवतंत्र कंपन्यांत शास्त्रज्ञ संस्थापक रेणूवर जितके प्रेम करतात तितके लक्ष मागणीकडे देत नाहीत, असे मी बारकाईने पाहिले आहे. पैसा देणाऱ्या सरकारी योजनांनीही यंत्रसामग्रीइतकाच पैसा बाजाराच्या अभ्यासाला आणि गुणवत्ता विभागाला राखून ठेवायला हवा, असे मला वाटते.

नियामकाकडे आम्ही सर्व उत्तरे हाती आल्यावरच गेलो. रेघ दिसली त्या आठवड्यात जाऊन आमच्या हाती काय आहे आणि काय नाही हे सांगितले असते, तर कोणत्या चाचण्या लागतील हे आधी कळले असते आणि निदान स्वयंसेवकांवरचा अभ्यास समांतर चालवता आला असता. आपण गेलो की काम बंद पाडतील, ही भीती संचालकांना होती. प्रत्यक्षात त्या कार्यालयातल्या अधिकाऱ्यांनी विचारलेले प्रश्न आम्ही स्वतःला विचारायला हवे होते तेच होते.

गुणवत्ता विभाग उत्पादन प्रमुखांच्या हाताखाली असणे ही रचना बदलली, पण घटना घडल्यानंतर. आता तो थेट संचालक मंडळाला उत्तर देतो. रात्रपाळीच्या ऑपरेटरला तिमाही आढावा बैठकीत बसवण्याची पद्धत मात्र दोन वर्षे चालून बंद पडली. ती का बंद पडली असे विचारल्यावर मला सांगण्यात आले की बैठक सकाळी असते आणि ते तेव्हा झोपलेले असतात. बैठक संध्याकाळी सहाला, पाळी सुरू होण्याआधी घ्यावी, असे मी लेखी कळवले आहे.